जुन्या रणभूमीवर किती खोल खणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नोकरीसाठी उत्तर फ्रान्समध्ये, लील शहराजवळ राहतात. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश भारतीय लष्कराच्या अभियंता दलात होते. ती तुकडी जिथे लढली ते नव्ह-शापेल गाव त्यांच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. सुट्टीच्या दिवशी तिथल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचं, त्या काळातलं काहीतरी शोधायचं आणि घरी आणून ठेवायचं, असा त्यांचा बेत आहे. विचारलंय दोनच गोष्टींबद्दल: सर्वांत खोल जाणारा डिटेक्टर कोणता, आणि सापडलेली गंजकी वस्तू साफ कशी करायची?

मी रणभूमींच्या पुरातत्त्वीय पाहण्यांमध्ये डिटेक्टर चालवते आणि जमिनीतून निघालेल्या धातूच्या वस्तूंचं जतन करते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देईन, पण त्याआधी थोडं थांबवते. तुमची खरी अडचण डिटेक्टरची नाही. तुम्हाला पणजोबांच्या त्या दिवसांपर्यंत पोचायचंय आणि त्यासाठी जमिनीत जितकं खोल जाऊ तितकं बरं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. रणभूमीवर जे एकदा हलवलं की कायमचं पुसलं जातं ते बहुतेक सगळं नांगरटीच्या खाली असतं, आणि सगळ्यांत मोठे धोकेही तिथेच असतात. जे तुम्हाला काही सांगू शकेल त्यातलं पुष्कळसं मात्र वरच्या वीतभर मातीत असतं.

आधी ही जमीन कशी आहे ते पाहू. नव्ह-शापेलचा परिसर सखल आणि पाणथळ आहे. थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी खंदक खोल नेण्याऐवजी मातीच्या गोण्या रचून छातीएवढे बांध उभे केले होते. युद्ध संपल्यावर शेतकरी परतले, खड्डे बुजवले आणि पुन्हा पेरणी सुरू झाली. तेव्हापासून दरवर्षी नांगर फिरतोय. त्यामुळे वरचा थर सतत उलटापालटा झालेला आहे. त्यातली गोळी किंवा बटण मूळ जागेपासून थोडं सरकलेलं असतं, पण सहसा फार लांब गेलेलं नसतं. त्या थराच्या खाली मात्र नांगर पोचलेला नाही. तिथे बुजलेले खंदक, जमिनीत रुतलेले तोफगोळे आणि माणसं जशी होती तशीच आहेत. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत हवा पोचत नाही, म्हणून लाकडी फळ्या, चामड्याचे बूट, कधी कापडसुद्धा तिथे टिकून राहतं. आपण कुदळ घातली की हवा आत शिरते आणि शंभर वर्षं टिकलेलं चामडं काही दिवसांत आक्रसून तडकतं.

तुमच्या शेतात नेमकं काय असेल हे अर्थातच कोणतं शेत, यावर अवलंबून आहे. कायम नांगरलेलं शेत, जनावरं चरणारं कुरण आणि जंगल या तिन्हींचे हिशेब वेगळे. कुरणात आणि जंगलात नांगरटीचा थरच नसतो, म्हणजे तिथे पहिल्या चार बोटांच्या खालीच न हललेली जमीन सुरू होऊ शकते. पूर्व फ्रान्समधल्या व्हर्दाँच्या आसपासच्या जंगलात तर खणण्याचा विचारही करू नये. १९१६ मध्ये फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत तिथे लढाई चालली. युद्धानंतर फ्रेंच सरकारने लढाईच्या पट्ट्यातली सर्वांत उद्ध्वस्त जमीन ‘लाल विभाग’ म्हणून वेगळी काढली आणि त्यातल्या बऱ्याच भागात पुन्हा वस्तीच होऊ दिली नाही. व्हर्दाँजवळच एक मोकळी जागा आहे, जिथे १९२० च्या दशकात विषारी वायूचे गोळे जाळून नष्ट केले गेले. त्या मातीत आर्सेनिक इतकं आहे की आजही तिथे फारसं काही उगवत नाही.

आता धोक्याबद्दल. मला तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे नीट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नव्ह-शापेलच्या हल्ल्याच्या सकाळी, १० मार्च १९१५ ला, सुमारे ३४० ब्रिटिश तोफांनी एका अरुंद पट्ट्यावर ३५ मिनिटं मारा केला. ही एका सकाळची गोष्ट झाली. त्या पट्ट्यातून आघाडी वर्षानुवर्षं गेलेली होती. त्या काळचे गोळे मोठ्या संख्येने न फुटताच जमिनीत शिरायचे, आणि मऊ, ओल्या मातीत तर हे प्रमाण आणखी जास्त. आजही बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सचे शेतकरी नांगरताना वर आलेले गोळे शेताच्या कडेला ठेवतात आणि बॉम्बशोधक पथक ते उचलून नेतं. थंडीत गोठणारी आणि नंतर वितळणारी माती त्यांना दरवर्षी थोडं थोडं वर ढकलत असते, म्हणून वरच्या थरात ते नसतातच असं समजू नका. पण बोट लावण्याइतके जवळ आपण जातो ते खणताना.

लोकांना वाटतं, शंभर वर्षं झाली, आता त्यात काय उरलंय? स्फोटक द्रव्य गंजत नाही. उलट काही बाबतींत ते अधिक चंचल होतं. त्या काळच्या पुष्कळ गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेलं असे. धातूशी दीर्घकाळ संपर्क आला की त्यापासून पिक्रेट क्षार तयार होतात. ते आघाताला आणि घर्षणाला मूळ द्रव्यापेक्षा जास्त संवेदनशील असतात. आणि गंजून फुगलेल्या गोळ्यात साधं स्फोटक आहे की वायू, हे बाहेरून ओळखता येत नाही. बेल्जियमच्या लष्करी पथकाला पुलकापेलेच्या तळावर त्यासाठी क्ष-किरण वापरावे लागतात. तुमच्या जवळच्या विमी इथे एप्रिल २००१ मध्ये साठवलेले जुने वायुगोळे धोकादायक झाले म्हणून १२ हजारांहून जास्त लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. मार्च २०१४ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला बांधकामाच्या जागी त्या युद्धातला एक गोळा फुटून दोन कामगार गेले. हे शंभर वर्षांच्याही पलीकडे चालतं. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करत असताना स्फोटात मरण पावला.

तेव्हा डिटेक्टरचा लांब, रुंद, जडशीळ आवाज आला तर खणू नका. तो बहुधा लोखंडाचा मोठा तुकडा असतो, आणि रणभूमीवरचा मोठा तुकडा गोळा आहे असं धरूनच चालायचं. गोळा फोडणारा पितळी फ्यूज दिसायला फार देखणा असतो, आकडे कोरलेले, कडा कापलेल्या. तोच लोकांना सर्वांत जास्त भुलवतो आणि तोच गोळ्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. सुटा पडलेला असला तरी त्यात स्फोटकाचा लहान भाग उरलेला असू शकतो. उचलायचा नाही, पायाने सरकवायचा नाही, जवळ जाऊन फोटोही काढायचा नाही. आलात त्याच पावलांनी मागे फिरा, जागा लक्षात ठेवा आणि ११२ ला कळवा. ‘हा निकामी आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते त्याला कसं कळलं हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट धोक्याची नाही, पण माझ्या दृष्टीने तितकीच मोठी आहे. त्या शेतांखाली माणसं आहेत. नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, आणि ती सगळी ज्यांना ज्ञात कबर किंवा दहनस्थान नाही अशा सैनिकांची आणि मजुरांची. तुमच्या पणजोबांच्या दलातलेही त्यांत आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ ला बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर याच गावात पायदळासारख्या लढल्या. पूल आणि खंदक बांधणाऱ्या या जवानांना घराघरांतून लढावं लागलं, आणि त्यांचं नुकसान इतकं झालं की कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

आता ही माणसं सापडतात तेव्हा त्यांची ओळख कशी पटते ते ऐका. ब्रिटिश फौजेत १९१४ पासून धातूच्या ओळखपट्टीच्या जागी दाबलेल्या तंतूची चकती आली. ती ओल्या मातीत कुजते. म्हणून आज एखादा सांगाडा सापडला की नावाची चकती क्वचितच हाती लागते. हाती लागतं ते खांद्यावरचं पितळी अक्षर, टोपीचा बिल्ला, पलटणीचं बटण, चमच्यावर खिळ्याने कोरलेला शिपाई क्रमांक. २०१६ मध्ये जवळच रिशबूर गावात दोन सैनिकांचे अवशेष निघाले. सोबतच्या पलटणीच्या खुणांवरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असल्याचं कळलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हाँतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांचा सन्मानाने अंत्यविधी झाला. समजा, त्याआधी वर्षभर कुणी डिटेक्टरवाला तिथून गेला असता आणि पितळेचा गोड आवाज ऐकून त्याने तेवढी खूण उचलून नेली असती, तर? हाडांना डिटेक्टर वाजत नाही. त्याला खाली माणूस आहे हे कळलंही नसतं, आणि ते दोघे कायमचे कुठल्याच पलटणीचे राहिले नसते.

मी खोल खणण्याच्या विरोधात इतकी ठाम आहे ती यामुळे. खोल जमिनीतून आलेला एकटा बिल्ला बहुतेकदा कुणाच्या तरी अंगावरचा असतो. हाड दिसलं, बुटाचा तळवा दिसला, किंवा एकाच जागी बटण, बक्कल आणि काडतुसांची माळ असं सगळं मिळू लागलं, तर हात तिथेच थांबवा. काढलेलं परत ठेवू नका आणि आणखी काढूही नका, वर कापड टाका आणि पोलिसांना बोलवा. पुढचं काम ते आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग करतात.

आता कायदा. तो देशागणिक बदलतो आणि तुमच्या बाबतीत तो बराच कडक आहे. फ्रान्सच्या वारसा संहितेच्या एल ५४२-१ या कलमाप्रमाणे इतिहास किंवा पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तू शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर वापरायचा तर प्रशासनाची परवानगी लागते. शेतमालकाची संमती वेगळी, ती त्याच्या जोडीला हवीच. परवानगी देताना अर्जदाराची पात्रता आणि संशोधनाची पद्धत पाहिली जाते, म्हणजे ‘छंद आहे’ एवढ्यावर ती मिळत नाही. दुकानात डिटेक्टर उघडपणे मिळतो म्हणून लोकांचा गैरसमज होतो. पण त्याच कायद्यानुसार डिटेक्टरच्या माहितीपुस्तिकेत ही मनाई छापणं बंधनकारक आहे, पुस्तिका उघडून पाहा. सीमेपलीकडे बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात मान्यताप्राप्त शोधक म्हणून नोंद करावी लागते आणि सापडलेलं कळवावं लागतं. नेदरलँड्सने २०१६ च्या वारसा कायद्यात एक समंजस रेघ आखली आहे: वरच्या ३० सेंटिमीटरपर्यंत शोधायला मुभा, त्याखाली नाही, आणि सापडलेल्याची नोंद करायची. तिथेही अनेक नगरपालिकांचे स्वतःचे निर्बंध आहेत, विशेषतः जिथे १९४४ ची लढाई झाली तिथे. इंग्लंडमध्ये शेतमालकाच्या परवानगीने बरंच काही करता येतं, पण कोसळलेल्या लष्करी विमानाच्या जागेला १९८६ च्या कायद्याने संरक्षण आहे. आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत मोडणाऱ्या रणभूमींवर डिटेक्टर घेऊन जाणंच गुन्हा आहे.

‘कोण बघतंय’ असा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण वस्तू घरी नेण्यापर्यंतही अडचणी येतात. विमानतळावर आणि युरोस्टार रेल्वेच्या तपासणीत युद्धातल्या काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा चालत नाही, आणि जिवंत काडतूस बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमचा बेतच मोडून काढला. तसं नाही. वरच्या थरातून काय मिळू शकतं हे सांगते, आणि माझ्या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

अमेरिकेत मॉन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाची रणभूमी आहे. जून १८७६ मध्ये तिथे लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याची तुकडी पूर्ण गारद केली. त्या बाजूचा सांगणारा कुणी उरला नाही, आणि जिंकलेल्यांच्या साक्षी गोऱ्या इतिहासकारांनी फारशा मनावर घेतल्या नाहीत. १९८३ मध्ये वणवा लागून तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी रिचर्ड फॉक्स आणि डग्लस स्कॉट यांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना घेऊन ती जमीन पिंजून काढली. आवाज आला की तिथे झेंडी रोवायची. मागून येणारा वस्तू हळूच उघडी करायचा, तिसरा तिची जागा आणि दिशा मोजायचा आणि मगच ती उचलायची. वस्तू जवळजवळ सगळ्या वरवरच होत्या. बंदुकीचा घोडा पडला की काडतुसाच्या बुडावर उमटणारा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. ते ठसे जुळवून एकच रायफल आधी कुठून आणि नंतर कुठून चालली हे नकाशावर दाखवता आलं. योद्ध्यांकडे लागोपाठ काडतुसं झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफली मोठ्या संख्येने होत्या आणि सैनिकांचा बचाव कसा कोसळत गेला, हे शेवटी त्या पुंगळ्यांनी सांगितलं. त्या योद्ध्यांच्या साक्षींशी ते बरंच जुळलं.

यातली एकही पुंगळी स्वतःहून मोलाची नव्हती. बाजारात तशा हजारो मिळतात. ती कुठे पडली होती हे मोजलं गेलं, म्हणून ती बोलू शकली. तीच पुंगळी कुणी आधी खिशात टाकून नेली असती तर ती आज एखाद्या काचेच्या कपाटात पितळेचा तुकडा म्हणून पडून राहिली असती. इंग्लंडमध्ये १४८५ ची बॉसवर्थची लढाई नेमकी कुठे झाली, याचंही उत्तर असंच शेतातल्या वरच्या मातीतून मिळालं. शिशाचे गोळे आणि सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं एक रानडुकराचं चिन्ह यांच्या जागा नकाशावर मांडल्यावर लढाईची जागा पूर्वीच्या समजुतीपासून काही किलोमीटर सरकली. रानडुक्कर ही राजा तिसऱ्या रिचर्डची खूण होती.

तुमच्या भागातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. नव्ह-शापेलहून जवळच फ्रोमेल गाव आहे. जुलै १९१६ च्या लढाईनंतर जर्मनांनी आपल्या हद्दीत पडलेल्या ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिकांना एका झाडीजवळ सामूहिक खड्ड्यांत पुरलं असावं, असा अंदाज होता. २००७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पथकाने त्या जागेची पाहणी केली तेव्हा खड्ड्यांना हातही लावला नाही. डिटेक्टरने फक्त वरची माती तपासली, आणि त्यात ऑस्ट्रेलियातल्या ॲल्बर्टन गावाने आपल्या स्वयंसैनिकांना दिलेलं एक पदक मिळालं. ऑस्ट्रेलियन तिथे होते याचा तो पुरावा ठरला. पुढे २००९ मध्ये रीतसर उत्खनन झालं, २५० जणांचे अवशेष बाहेर काढले गेले आणि डीएनए तपासणीमुळे त्यातल्या अनेकांची नावं परत मिळाली. वरच्या थरातल्या एका लहानशा वस्तूने एवढं काम केलं, कारण ती शोधणाऱ्यांनी तिथेच थांबायचं ठरवलं होतं.

आता हेच तुमच्या शेताला लावून पाहू. समजा, नव्ह-शापेलच्या शेतात .३०३ ची, म्हणजे ब्रिटिश रायफलीच्या मापाची, एक पुंगळी दिसली. तुम्ही म्हणाल, भारतीय जवानाची. असेलही. पण त्याच शेतात ब्रिटिश पलटणी लढल्या, आणि ९ एप्रिल १९१८ ला जर्मनांचा मोठा हल्ला झाला तेव्हा तिथे पोर्तुगीज होते. पोर्तुगीजांनाही ब्रिटिशांनी त्याच रायफली दिल्या होत्या. मग ठरवायचं कसं? पुंगळीच्या बुडावर कारखान्याची अक्षरं आणि बहुधा वर्षाचे दोन अंक असतात. १७ लिहिलेलं काडतूस १९१५ मध्ये कुणी झाडू शकत नाही. १४ लिहिलेलं मात्र कधीही झाडलेलं असू शकतं. मग ती कुठल्या बांधाच्या कोणत्या बाजूला होती, आसपास आणखी किती होत्या, जर्मन ७.९२ ची पुंगळी कुठे संपते आणि .३०३ कुठे सुरू होते, हे पाहावं लागतं. एका फाटलेल्या रोजनिशीची पानं खोलीभर पसरली असावीत तशी ही जमीन आहे. पानं जिथे पडलीत तिथून उचलण्याआधी त्यांचा क्रम लिहून ठेवला तर वाचता येतं, ढीग केला तर नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर डिटेक्टर विकत घेण्याआधी कागद उघडले असते. फ्रान्समधल्या भारतीय तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरबसल्या पाहता येतात. कंपनीचा क्रमांक माहीत असेल तर पणजोबांची तुकडी कोणत्या दिवशी कुठे होती हे दिवसागणिक कळतं. त्या काळचे खंदकांचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि ते आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. मग फोनवर तो नकाशा उघडून सार्वजनिक रस्त्याने, शेताच्या बांधाकडेने चाला. नांगरट झाल्यावर दोन-चार दिवसांत पाऊस पडून गेला की ढेकळं धुऊन निघतात आणि शिशाचे छर्रे पांढुरके चमकतात. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या एका छर्ऱ्याच्या गोळ्यात असे सुमारे ३७५ छर्रे असत, त्यामुळे ते दिसतातच. त्यांना हात न लावता फोटो आणि जागा टिपली तरी गोळे कुणीकडे पडत होते, हे तुमचं तुम्हाला उमगू लागेल.

डिटेक्टर हातात घ्यायचाच असेल तर प्रादेशिक पुरातत्त्व सेवेला पत्र लिहून परवानगी मिळालेल्या एखाद्या पाहणीत स्वयंसेवक म्हणून घ्याल का, हे विचारा. पणजोबांचा तपशील जरूर लिहा. अशा पाहण्यांना भारतीय पलटणींची माहिती, नावं, भाषा समजणारी माणसं खरोखर हवी असतात. होकार लगेच येईलच असं नाही. काही ठिकाणी आधी सापडलेल्या वस्तू धुवायला आणि पिशव्यांवर क्रमांक टाकायलाच बसवतात, पण ते कामही शिकण्यासारखं आहे.

आता डिटेक्टर कोणता, याचं उत्तर. अशा पाहणीसाठी साधा, कमी वारंवारतेवर चालणारा, धातूंमधला फरक दाखवणारा डिटेक्टर पुरतो. सर्वांत खोल जाणारे पल्स इंडक्शन प्रकारचे डिटेक्टर मिळतात, पण ते धातूंतला फरक नीट सांगत नाहीत. लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेल्या रणभूमीवर ते सतत वाजत राहतात. तुमच्या कामाला ते नकोत. आवाज आला की दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात, डिटेक्टर फिरवा. दोन्हीकडून आवाज लहान आणि नेमका असेल तर वस्तू लहान आहे. एका दिशेने लांबट असेल तर सोडून द्या. पैसे वाचवायचेच तर डिटेक्टरवर वाचवा आणि जागा अचूक नोंदवणाऱ्या उपकरणासाठी ठेवा. फोनचा जीपीएस काही मीटरची चूक करतो. शेताचा अंदाज घ्यायला तो ठीक, पण बांधाची कुठली बाजू हे ठरवायला अपुरा आहे.

शेवटी साफसफाई, कारण परवानगीने मिळालेली किंवा एखाद्या शेतकऱ्याने कपाटातून काढून दिलेली वस्तूही कधी ना कधी हातात येईल. लोखंडाला तारेचा ब्रश, व्हिनेगर किंवा बॅटरी जोडून केलेली घरगुती विद्युत-सफाई लावू नका. जमिनीतल्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग बहुधा गंजाच्या आतल्या थरात असतो. तो खरवडला की आकारच जातो, त्याच्यावरची अक्षरं तर आधीच. गंजात अडकलेले क्लोराइड क्षार हे खरं दुखणं. वस्तू वरून सुकलेली दिसते आणि काही महिन्यांनी तिच्यावर केशरी थेंब येऊन पापुद्रे सुटू लागतात. ते क्षार काढायला अल्कली द्रावणात दीर्घकाळ ठेवावं लागतं आणि हे काम प्रयोगशाळेचं आहे. घरी तुम्ही एवढंच करा: घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरपूर सिलिका जेल घालून वस्तू कोरडी ठेवा आणि जेल ओलं झालं की बदला.

पितळ घासून चकचकीत करू नका. त्यावरची काळपट-हिरवी साय त्याचं रक्षण करते. फक्त मऊ ब्रशने माती काढा. भुकटीसारखे फिकट हिरवे डाग फुटू लागले तर तीही क्लोराइडचीच खूण, तेव्हा ती वस्तू इतरांपासून वेगळी ठेवून कोरडी करा. शिसं लाकडी पेटीत, विशेषतः ओकच्या, किंवा साध्या पुठ्ठ्यात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यावर पांढरी भुकटी चढते आणि वस्तू झिजत जाते. पॉलिथिनची पिशवी बरी. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका. ओलं चामडं किंवा लाकूड मिळालं तर सुकवू नका. आहे त्या ओलाव्यातच, त्याच मातीसकट बंद करून थंड जागी ठेवा आणि त्याच आठवड्यात जतन करणाऱ्याकडे पोचवा. आणि प्रत्येक पिशवीत वस्तूबरोबर एक चिठ्ठी टाका: कुठे, कधी, किती खोलीवर, कुणी दिली. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्यात पसरते.